वरची खोली आणि वीरेंद्रचा होकार

मी, मेधा दिनकर दफ्तरदार, वय सत्तेचाळीस, अविवाहित, व्यवसाय खाजगी महाविद्यालयात वाणिज्य शिकवणे, राहणार देवास, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. मन शाबूत आहे असे मात्र शपथेवर सांगत नाही. गेले वर्षभर ते संशयी झाले आहे, आणि संशयी मनाने केलेली वाटणी मलाच फारशी विश्वासाची वाटत नाही. म्हणून प्रत्येक कलमाखाली कारण लिहिले आहे. कारण पटले नाही तरी कलम पाळावे.

आताच लिहिण्याचे निमित्त पित्ताशयातले खडे. पुढच्या आठवड्यात इंदूरला शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर तिला किरकोळ म्हणतात. सिनेमात डॉक्टर चष्मा काढून किरकोळ म्हणाले की मध्यंतरानंतर कोणीतरी जातेच, त्यामुळे हा शब्द मला ऐकवत नाही. आमचे डॉक्टर चष्मा लावत नाहीत, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

माझा वकील, तरुण नावाचा, हा माझाच जुना विद्यार्थी. पहिला मसुदा वाचून तो म्हणाला, "मॅडम, ये वसीयत है, समीक्षा नहीं." मी त्याला सांगितले की माझ्यापाशी मालमत्ता थोडी आणि मते पुष्कळ आहेत, मतांची विल्हेवाट न लावता मालमत्तेची लावली तर मागच्यांना काहीच कळायचे नाही. त्याने मान हलवली आणि कलमांना आकडे घालायला सांगितले. ते घातले आहेत.

कलम एक. अंत्यविधीबद्दल. तो साधा करावा. मोबाइलवर माझा फोटो लावून त्यामागे बासरीचा करुण तुकडा वाजवू नये. पार्श्वसंगीतावर माझा जन्मभर राग आहे. पडद्यावर आई दारात उभी राहते, अजून काही बोललेलीसुद्धा नसते, आणि सारंगी आपल्याला सांगते की आता रडा. मला रडायचे की नाही हे दुसऱ्याने ठरवलेले मला चालत नाही. बातमीत "वाचनप्रेमी" असा शब्द घालू नये. मी जेवढी पुस्तके वाचली त्यातली निम्मी मला आवडली नाहीत, आणि ती मी तरीही शेवटपर्यंत वाचली. याला प्रेम म्हणत नाहीत.

कलम दोन. घर आणि पात्या. पुढचे सगळे समजायला हे आधी सांगावे लागेल.

देवासला पूर्वी एकाच गावात दोन राजे होते, थोरल्या पातीचे आणि धाकट्या पातीचे; पाती म्हणजे राजघराण्याची शाखा. माझे आजोबा कृष्णाजी थोरल्या पातीच्या दफ्तरात कारकून होते. त्यांचे धाकटे भाऊ रघुजी धाकट्या पातीच्या. दोघे भाऊ एका घरात राहत, एका चुलीवरचे जेवत आणि दोन दरबारांचे मीठ खात. दरबारांची आपसात कुरबूर असे, म्हणून भावांनी ठरवले की तिकडचे काही उंबऱ्याच्या आत आणायचे नाही. पण भावांनी भांडायचेच नाही हे कसे जमावे? तर भांडण कादंबरीवर, नाटकावर आणि सिनेमावर करायचे असे ठरले. थोरल्या पातीने एखादी गोष्ट चांगली म्हटली की धाकट्या पातीने तिच्यातला दोष शोधायचा, आणि उलट. एका बाजूला कधी बसायचे नाही.

राजे गेले, राज्ये गेली, पात्या आमच्या घरात राहिल्या. माझे वडील थोरली पाती. रघुजींचे चिरंजीव बापू धाकटी पाती. बापू एका विनोदी सिनेमाला इतके हसले की शेजारच्या माणसाने त्यांना पाणी दिले, आणि घरी येऊन माझ्या वडिलांनी तो चांगला म्हणताच त्यांनी तासभर त्याची चिरफाड केली. मग मी थोरली पाती झाले आणि बापूंचा मुलगा वीरेंद्र धाकटी. तो माझ्याहून दोन वर्षांनी लहान, मला ताई म्हणतो, रागावला की "थोरली पाती" म्हणतो. तळमजल्यावर तो, त्याची बायको नेहा आणि मुलगी उर्वी राहतात, आणि तिथेच पुढच्या बाजूला त्याचा गणिताचा क्लास आहे. पहिला मजला माझा. गच्चीवरची एक खोली, जिला आम्ही वरची खोली म्हणतो, तीही वाटणीपत्राप्रमाणे माझी, आणि आमची शनिवारची भांडणे तिथेच होत.

कलम तीन. बँकेतील ठेवी, आईच्या पाटल्या आणि पहिला मजला, धारला राहणारी माझी थोरली बहीण, जिला मीच नव्हे तर सगळे अक्का म्हणतात, तिला द्यावा. मजला तिने विकला तरी माझी हरकत नाही.

अक्का रोज संध्याकाळी तीन मालिका पाहते. मी तिला एकदा म्हटले की या मालिकांत मेलेली बाई वर्षाने नव्या चेहऱ्याने परत येते, तुला हे कसे खपते. अक्का कणीक मळत होती. ती म्हणाली, "मला ठाऊक आहे गं ते खोटं आहे. पण पोळ्या लाटताना कोणीतरी परत येणार आहे एवढं बरं वाटतं." भाऊजींना जाऊन तेव्हा थोडेच दिवस झाले होते. मालिकांबद्दलचे माझे मत त्याने बदलले नाही, पण मी ते धारला बोलत नाही.

कलम चार. कादंबऱ्या. वरच्या खोलीत चार कपाटे आहेत. मराठी पुस्तके विकत घेऊन वाचणारी देवासातली माणसे आता हाताच्या बोटांवर आली आहेत, त्यामुळे कपाटे कोणाला द्यावीत हा प्रश्न मला ठेवींपेक्षा अवघड गेला. उर्वी हुशार आहे, पण हिंदी शाळेमुळे मराठी अशी वाचते जशी एखादी नवशिकी सायकल चालवते: प्रत्येक जोडाक्षरावर पाय टेकून. वाचनालयाला द्यावीत तर वाचनालये दान घेताना हार घालतात आणि पुढे काय करतात हे मी रद्दीच्या दुकानात पाहिले आहे.

पुस्तके ज्याला मिळतील त्याच्यासाठी माझे इशारे. ज्या कादंबरीत गरीब माणूस प्रत्येक वेळी शहाणेच बोलतो तिच्यावर विश्वास ठेवू नये. लेखकाने त्याच्याशी कधी भांडण केलेले नसते. जिच्यात माळव्यातले गाव येते आणि लगेच अफूचे शेत, तिच्या लेखकाने माळवा रेल्वेच्या खिडकीतून पाहिला आहे. मलपृष्ठावर "अंतर्मुख करणारी" असे छापले असेल तर आधी शेवटची दहा पाने वाचावीत. आणि जी आम्ही घरात "विहिरीची कादंबरी" म्हणतो, निळ्या पुठ्ठ्याची, ती मात्र कोणी हलवू नये. ती कादंबरी मी उत्तम मानते. तिच्यातली सून दोन पिढ्यांचे वैर एका वाक्यात मिटवत नाही. नुसती रोज विहिरीवर जाते आणि शेजारीण आली की दोर तिच्या हातात देते. वीरेंद्र तिला वर्षानुवर्षे "पाण्यात टाकलेली कादंबरी" म्हणत आला. त्याच्या या विरोधाचे पुढे काय झाले ते कलम सातमध्ये आहे.

कलम पाच. सिनेमा, वरच्या खोलीतला टीव्ही आणि तबकड्या. टीव्ही उर्वीला. सिनेमांच्या तबकड्या, म्हणजे डीव्हीडी, आता कशातच चालत नाहीत, त्या तिने शेतात पाखरे उडवायला टांगल्या तरी चालतील, तिच्या आजोळी टोंकखुर्दला शेत आहे.

उर्वी मोबाइलवर अडीच तासांचा सिनेमा दहा मिनिटांत समजावून सांगणारा माणूस ऐकते. तो म्हणतो, "और फिर लड़का मर जाता है." मुलगा जातो, आई वेडी होते, नदीला पूर येतो, सगळे त्याच एका आवाजात. मला हे भयंकर वाटते. पण मी स्वतःला विचारले की मी माझ्या रोजनिशीत तरी काय करते. तिथेही मुलगा एका ओळीत मरतो आणि खाली माझे मत असते.

ऐतिहासिक सिनेमांबद्दल एवढेच. आमच्या घराण्याने दोन दरबार जवळून पाहिले. त्यातले कोणीही सकाळी उठल्यापासून घोषणा देत नव्हते. आजोबांच्या सांगण्याप्रमाणे दरबारात मुख्यतः वाट पाहावी लागे. वाट पाहणारा मराठा सरदार मी आजपर्यंत पडद्यावर पाहिला नाही. घोडे मात्र फार पाहिले, आणि तेही हळू पळणारे.

कलम सहा. रोजनिश्या. त्यात कोणाचे गुपित नाही, शोधायला जाऊ नये. मी त्यात पाहिलेले आणि वाचलेले लिहिते आणि त्यावर माझे मत. हे मृत्युपत्र लिहिण्याआधी त्या चाळल्या, तेव्हा एक गोष्ट दिसली आणि तिने मला बेचैन केले. माझे प्रत्येक ठाम मत वीरेंद्रशी भांडून खाली आल्यावर लिहिलेले आहे. वर जाताना मला पुस्तक बरे वाटलेले असते. तो "काय आहे त्यात?" म्हणतो, आणि मला काय आहे ते सांगावे लागते, आणि सांगता सांगता ते मला कळते. गेल्या वर्षभराच्या रोजनिशीत नुसती कथानके आहेत. मत एकही नाही.

तेव्हा प्रश्न असा की मला मते होती की नुसता विरोधक होता? याचे उत्तर मला देता आले नाही. रोजनिश्या रद्दीत घालाव्यात.

कलम सात. (हे कलम रद्द समजावे, पण वाचावे. तरुण म्हणाला की स्वच्छ प्रत काढताना गाळून टाका. मी गाळत नाही. जे लिहिले ते मी लिहिले होते, आणि आठव्या कलमाला त्याची गरज आहे.)

वरची खोली, तिच्या खिडक्या, कपाटे आणि गच्चीचा हक्क यांपैकी काहीही वीरेंद्र किंवा त्याच्या कुटुंबाला मिळू नये. खोली अक्काने भाड्याने द्यावी, शक्य तर अनोळखी माणसाला.

कारण असे. सुमारे एक वर्षापूर्वी आम्ही सगळे एक सिनेमा पाहून आलो, ज्यात घोडे फार होते. मी रिवाजाप्रमाणे म्हटले की टाकाऊ आहे. वीरेंद्रने त्याची बाजू घ्यायची, हे त्याच्या आजोबांपासून ठरलेले. तो म्हणाला, "बरोबर आहे, ताई." मला वाटले दमला असेल. पुढच्या शनिवारी मी एका कादंबरीची स्तुती केली. तो म्हणाला, "हो, छान आहे." त्यानंतर तो माझ्या कुठल्याही मताला नाही म्हणालेला नाही.

ज्या घरात सत्तर-ऐंशी वर्षे कोणी कोणाला होकार दिला नाही, त्या घरात होकार ऐकला की अंगावर काटा येतो. नेहा माहेरून वेगळ्या रीतीची, ती मला म्हणाली की ताई, तो आता तुमचा मान ठेवतो, यात वाईट काय. तिला कसे सांगावे की धाकट्या पातीने थोरल्या पातीचा मान कधीच असा ठेवलेला नाही. बापूंना माझ्या वडिलांबद्दल मान होता, म्हणूनच ते त्यांच्या एकूण एक मताचा फडशा पाडत.

मी त्याची परीक्षा घेतली. मोबाइलवरची एक मालिका, जिच्यात आपल्या भागातला प्रत्येक माणूस वाक्यागणिक शिवी देतो आणि पिस्तूल घेऊन फिरतो, ती मला फार खरी वाटली असे मी सांगितले. मला ती मुळीच खरी वाटली नव्हती. तो म्हणाला, खरी आहे. मग मी त्याला एक नवी कादंबरी वाचायला दिली. आठवड्याने त्याने ती परत आणली, आणि मी म्हटले, त्या म्हाताऱ्या पोस्टमास्तरचा मृत्यू फार संयमाने लिहिला आहे, नाही का? तो म्हणाला, "फार संयमाने, ताई." त्या कादंबरीत पोस्टमास्तर मरत नाही. शेवटच्या पानावर तो डोक्याला तेल लावत बसलेला आहे.

पहिल्यांदा मला वाटले की याला माझ्या तब्येतीचे काही ठाऊक आहे आणि हा दया करतो आहे. गेल्या वर्षी माझे रिपोर्ट आणायला तोच इंदूरला गेला होता. मी ते सगळे कागद उज्जैनच्या दुसऱ्या डॉक्टरांना दाखवले. खडेच आहेत.

मग दुसरे कारण उरते. त्याला वरची खोली हवी आहे. त्याने दोनदा विचारले की खोलीचे पुढे काय करणार, ताई. त्याने क्लासची संध्याकाळची तुकडी बंद केली आणि सांगितले की तळमजल्यावर अंधार असतो, वर उजेड चांगला आहे. तो हल्ली शनिवार नसतानाही वर येतो, खिडकीपाशी उभा राहतो, खोलीकडे बघत राहतो. बोलताना माझ्या डोळ्याला डोळा देत नाही. माझ्या कानाकडे किंवा मागच्या भिंतीकडे बघून बोलतो. ज्याच्या मनात काही असते त्याची नजर अशी तिरकी होते. स्कूटर चालवायची सोडून दिली आणि उर्वीच्या मागे बसतो, म्हणतो की तिला सवय व्हायला हवी. पैसे साठवतो आहे असे मला वाटते.

होकार देऊन खोली मिळवायची ही खुशामत आहे. मला खुशामत करणाऱ्याला खोली द्यायची नाही. दिली तर पात्या संपल्या असे होईल, आणि त्या माझ्या हाताने संपाव्यात अशी माझी इच्छा नाही.

कलम आठ. हे कलम सातव्यानंतर पाच दिवसांनी लिहिते.

कलम सात लिहून झाल्यावर मला स्वस्थता लाभली नाही. ज्याच्यावर आरोप ठेवला त्याला तो न सांगता शिक्षा करणे हे सिनेमातल्या सासूला शोभते. मी मेल्यावर तरुणने ते खाली बसून सगळ्यांना वाचून दाखवावे आणि वीरेंद्रने तेव्हा पहिल्यांदा ऐकावे, हे मला नीच वाटले. म्हणून रविवारी दुपारी त्याला वर बोलावले. नेहा आणि उर्वी बाजारात गेल्या होत्या. मी कलम सात लिहिलेली दोन पाने त्याच्या हातात दिली आणि म्हटले, हे वाच आणि तुला काय म्हणायचे ते सांग. मी लिहिले आहे, वकिलाने नाही.

तो खिडकीपाशी खुर्ची ओढून बसला. पाने जरा लांब धरली, मग जवळ. त्याचे डोके तसेच एका बाजूला कललेले. पहिले पान बराच वेळ पाहिले. दुसरे उलटले. मी त्याच्या चेहऱ्यावर राग शोधत होते. तो वाचता वाचता एकदा किंचित हसलासुद्धा, जिथे हसण्यासारखे काही नाही अशा जागी. मग त्याने पाने नीट घडी करून मला परत दिली.

"बरोबर आहे, ताई," तो म्हणाला. "छान लिहिलंय. असंच करा."

मी त्याला खुशामत्या म्हटले होते. खोलीच्या लोभाने माझी स्तुती करतो असे म्हटले होते. आणि तो मला असंच करा म्हणत होता.

मी पाने टेबलावर ठेवली. मग विचारले, "वीरेन, यात काय लिहिलंय?"

तो खिडकीकडे वळला. "खोलीबद्दल असेल काहीतरी."

"काय?"

त्याने चष्मा काढला आणि शर्टाला पुसला, जरी त्याचा काही उपयोग नाही हे त्याला ठाऊक होते. मग म्हणाला, "मधे भोक पडलंय, ताई. कडेचं सगळं दिसतं. तुमचा कान दिसतो, चेहरा दिसत नाही. ज्या अक्षराकडे बघतो तेच गायब."

डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे. इंदूरला माझे रिपोर्ट आणायला तो गेला, त्याच दिवशी त्याने स्वतःचे डोळे दाखवले होते. पूर्ण आंधळा होणार नाही असे सांगितले आहे, पण वाचणे गेले, आणि परत यायचे नाही. फळ्यावर तो हाताच्या सवयीने मोठे लिहितो आणि गणिते तोंडपाठ आहेत, म्हणून मुलांना कळले नाही. क्लासचे आईबाप काय म्हणतील या भीतीने त्याने कोणाला सांगितले नव्हते, नेहालाही नाही. उन्हात थोडे बरे दिसते. म्हणून वरच्या खोलीचा उजेड.

मी म्हटले, मला तरी सांगायचे. तो म्हणाला, तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवसापासून मला वाचून दाखवायला लागला असता, आणि मला ते नको होतं.

"मग नुसतं हो हो कशाला म्हणत होतास?"

हे मी त्याच्याच शब्दांत लिहिते. "अहो, नाही म्हणायला वाचावं लागतं ना. हो म्हणायला काय लागतं?"

ज्या गोष्टी मी पुरावा म्हणून मांडल्या, तिरकी नजर, बंद केलेली तुकडी, उर्वीची स्कूटर, खिडकीपाशी उभे राहणे, त्यांतली एकही खोटी नव्हती. सगळ्या खऱ्या होत्या आणि सगळ्या मी एका धाग्यात ओवल्या होत्या, जशा वाईट कादंबरीकार ओवतो: पात्राच्या मनात एकच हेतू ठेवतो आणि त्याने चहा प्यायला तरी त्या हेतूनेच. अशा कादंबरीबद्दल मी कलम चारमध्ये इशारा द्यायला विसरले. तो इथे देते.

मग मी त्याला कलम सात मोठ्याने वाचून दाखवले. टाळता आले असते, पण आरोप ऐकण्याचा त्याचा हक्क अजून बाकी होता. खुशामत हा शब्द आला तेव्हा तो उठून उभा राहिला आणि मला वाटले आता खाली जाणार. तो म्हणाला, "खुशामत? तुमची? भिया, हद्द आहे." भिया म्हणजे आमच्या माळव्यातले भैया, रागात ते ताईलाही लागते. मग परत बसला आणि म्हणाला, पुढे वाचा. पोस्टमास्तरच्या तेलापाशी मात्र तो इतका हसला की गच्चीवरची कबुतरे उडाली, आणि म्हणाला की थोरली पाती अशीच, मेल्यावरही परीक्षा घेईल.

नेहाला त्याने त्याच संध्याकाळी सांगितले. ती त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही आणि माझ्याशीही नाही. आता बोलते. हे सारे इथे लिहायला त्याची परवानगी घेतली आहे.

कलम नऊ. म्हणून असे ठरवते. वरची खोली, कपाटे, पुस्तके आणि गच्चीचा हक्क माझ्या पश्चात रघुजींच्या वंशात, म्हणजे वीरेंद्रला आणि त्याच्यानंतर उर्वीला जावा. खिडक्यांना पडदे लावू नयेत.

मी जिवंत असेन तोवर दर संध्याकाळी मी त्याला वाचून दाखवीन. त्याला हे नको होते हे मला माहीत आहे. पण एक अट आम्ही दोघांनी मान्य केली आहे. वाचताना मी आवाजात मत मिसळायचे नाही. मला आवडलेले वाक्य हळू वाचायचे नाही आणि न आवडलेले घाईने उरकायचे नाही. हे मला वाटले होते त्याहून फार कठीण जाते. पहिल्याच संध्याकाळी त्याने मला दोनदा थांबवले आणि म्हणाला, ताई, सारंगी वाजवताय तुम्ही.

माझ्या पश्चात हे काम उर्वीने करावे. ती म्हणते, "मैं पढ़ूँगी तो पापा को सब समझेगा क्या?" नाही समजणार. जिथे तिचा पाय जोडाक्षरावर टेकेल तिथे तो सांगेल, त्याला निम्मी पुस्तके आठवतात. तिने सरपणासारखी फोडून वाचली तरी चालेल, फक्त दहा मिनिटांत सांगू नये. तिला यासाठी वेगळी देणगी ठेवलेली नाही. तिने कंटाळून सोडून दिले तर तिला बोल लावू नये.

मृत्युपत्राची अंमलबजावणी वकील तरुण यांनी करावी. मागची कोणतीही इच्छा, तोंडी वा लेखी, कलम सातसह, यापुढे लागू नाही.

कलम दहा. सही करण्यापूर्वी मी काल हे संपूर्ण मृत्युपत्र वीरेंद्रला वाचून दाखवले, आवाजात काही न मिसळता. त्याने मध्ये बोलू नये असे ठरले होते. शेवटी मी विचारले की मान्य आहे का. तो म्हणाला की खोलीचे ठीक आहे, पण कलम चार चूक आहे. विहिरीची कादंबरी उत्तम वगैरे काही नाही. त्यातली सून रोज दोर देते, पण शेजारणीला तो हवा आहे की नाही हे लेखकाने एकदाही विचारलेले नाही. चांगुलपणा करणाऱ्या माणसाच्या बाजूने सगळे पुस्तक लिहिले आहे, दोर घेणारीच्या बाजूने एक पानही नाही. तीच मदत रोज घ्यावी लागली की कसे वाटते हे त्या लेखकाला ठाऊक नाही, आणि ताई, तुम्हालाही नाही.

वर्षाने त्याचा आवाज चढलेला ऐकला. मी उत्तर देण्याचा प्रयत्न केला. शेजारीण तो दोर घेते, हेच तिचे बोलणे आहे, असे मी म्हटले. तो म्हणाला, तिला दुसरा दोर कुठे आहे? आम्ही दिवे लागेपर्यंत भांडलो. नेहाने खालून दोनदा जेवायला हाक मारली.

त्याचे म्हणणे मला पूर्ण पटलेले नाही. पूर्ण खोडताही आलेले नाही. वीरेंद्र यांची हरकत येथे नोंदवली आहे. कलम चार बदललेले नाही.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, आणि ज्याला ऐकवायचे त्याला ऐकवून, खालील दोन साक्षीदारांसमोर सही करून ठेवले. दोघांपैकी कोणालाही यातून काही मिळणार नाही, आणि दोघांनीही निळ्या पुठ्ठ्याची कादंबरी वाचलेली नाही, याची मी खात्री करून घेतली आहे.

सही: मेधा दिनकर दफ्तरदार

साक्षीदार
१. कृतिका पोतदार, सहाध्यापिका, देवास (सही)
२. विहंग जोशी, शेजारी, देवास (सही)

स्थळ: देवास, वरची खोली
दिनांक: १९ जानेवारी २०२५